बघते आणि सांगते

बायको गेल्याचं त्याला कळलं तेव्हा त्याच्या हातात एका कॉफी मशीनची रबरी रिंग होती. मशीन गिऱ्हाइकाकडून दुरुस्तीला आलेलं होतं. टेबलावर पालथं घालून त्यानं ते उघडलं होतं. जुनी रिंग उष्णतेनं वाळून खाचेत अशी रुतून बसली होती की पेचकसाच्या टोकानं उकरून काढावी लागत होती. ती एकदाची निघाली आणि फोन वाजला. साडूचा फोन होता. साडू कधी आपणहून फोन करणाऱ्यातला नव्हता. फोन म्हणजे बहिणीबहिणींचं खातं, आपण मध्ये तोंड घालायचं नाही, असं दोघेही साडू धरून चालत. त्यामुळे नाव बघितल्याबरोबर त्यानं पेचकस खाली ठेवला.

मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून बायको तिच्या मदतीला गेली होती. सकाळी बहिणीला गोळ्या दिल्या, खिडकी उघडली आणि जरा टेकते म्हणून खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. साडू एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होता. "खुर्चीत बसली होती हो. नुसती बसली होती." डॉक्टर येऊन बघून गेले होते. आता तुम्ही निघा, म्हणाला.

"निघतो," तो म्हणाला.

त्यानं फोन ठेवला, तेवढ्यात शेजारी ठेवलेला दुसरा फोन टुणकन वाजला. हा दुकानाचा फोन. कुणीतरी लिहिलं होतं, "ताई, मशीनला कॉफीचा दांडा लावला की बाजूनं पाणी गळतंय. रिंग गेली असेल का?"

हातातली रिंग त्यानं टेबलावर ठेवली, बोटं पुसली आणि लिहिलं, "बघते आणि सांगते." मग पायात चपला घातल्या.

'बघते' हा शब्द कसा काय लिहिला गेला, हे त्या घराची रीत ठाऊक असल्याशिवाय कळायचं नाही.

दुकान तिचं होतं. दुकान म्हणजे गाळा नव्हे. घरातली मागची खोली आणि एक वेबसाइट. आधी ती एकटीच घरी कॉफी भाजून ओळखीपाळखीत विकायची. मग कॉफी घेणारे विचारायला लागले, ताई, मशीन कुठलं घेऊ? हा तेव्हा पंप दुरुस्त करायचा. पाणी, दाब, झडपा आणि गळती यात त्याचा जन्म गेला होता. एस्प्रेसो मशीन उघडून बघितलं तेव्हा तो म्हणाला, हे तर आमचंच पोर आहे, फक्त चांगले कपडे घातलेत. तिथून जुनी मशीनं घेऊन नीट करून विकणं सुरू झालं, मग नवी आली. लेकीनं वेबसाइट बनवून दिली. वेबसाइटवर फोटो एकटीचा आहे. एप्रन बांधून, भाजलेल्या बियांत हात घालून ती हसते आहे. तो फोटोत नाही, कारण फोटो त्यानं काढला होता.

गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तिचं. पण भाजायच्या वेळी तिच्या हातात जाड मोजे असत आणि बिया भाजायच्या फिरत्या ड्रमवरून नजर हलवायची सोय नसे. बिया तडतडायला लागल्या की तिला जग दिसत नसे. म्हणून तो फोन घेऊन दारात बसायचा, आलेले निरोप मोठ्यानं वाचायचा, ती ड्रमच्या खडखडाटावरून ओरडून उत्तर द्यायची आणि तो ते जसंच्या तसं लिहायचा. तोंड तिचं, बोट त्याचं. सुरुवातीला एकदा ती "बघते" म्हणाली आणि त्यानं सवयीनं "बघतो" लिहिलं. तिनं मागाहून ते वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो मिस्त्री, गिऱ्हाईक ताईशी बोलतंय. एका दिवसात ताईला मिशा फुटल्या असं वाटेल त्यांना."

तेव्हापासून त्यानं चूक केली नाही. दुकानाचा फोन हातात घेतला की 'तो'चा 'ते' आपोआप होई. पाठवते. सांगते. जरा थांब, बघून कळवते. पंप उघडायचा असला की पाना जसा न बघता हातात येतो, तसं ते अंगवळणी पडलं होतं.

सगळं आटोपून तो घरी परत आला तेव्हा दुकानाच्या फोनवर निरोपांची रांग लागली होती. लेक दोन दिवस राहून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, वेबसाइटवर दोन ओळी टाका. लोकांना कळायला हवं." तो हो म्हणाला. खरंच टाकायला बसलाही. पण लिहायचं कसं? खातं तिचं, फोटो तिचा, आणि त्याखाली 'ती गेली' असं कोण म्हणणार? बराच वेळ तो कोऱ्या चौकटीकडे बघत बसला. तेवढ्यात एकानं विचारलं, ताई, माझं पार्सल निघालं का? पार्सल दाराशी तसंच पडलं होतं. त्यानं लिहिलं, "उशीर झाला, माफ कर. आज नक्की पाठवते." समोरून हसरा चेहरा आला. दोन ओळी राहिल्या.

त्या राहिल्या त्या राहिल्याच. वाहतं नळकांडं सुरुवातीला बोटानं दाबलं की थांबतं. मग बोट काढायची सोय राहत नाही.

आता भाजायचंही त्यालाच होतं. हिरव्या बियांची पोती मागच्या खोलीत होती, आणि दर पंधरवड्याला ठरलेली पुडी जायची अशी बरीच घरं होती. काम त्यानं जवळून बघितलं होतं, पण बघणं वेगळं. शिवाय तो कॉफी पीतच नसे. आयुष्यभर चहा. कॉफीच्या दुकानात चहाचा डबा फडताळात मागे लपवून ठेवावा लागतो, म्हणून बायको त्याला घरभेदी म्हणायची. बिया एकदा तडतडतात, मग शांत होतात, आणि आणखी तापवल्या तर दुसऱ्यांदा बारीक तडतडतात. ती दुसरी तडतड सुरू व्हायच्या आत खाली ओतायच्या, एवढंच शास्त्र. पण 'व्हायच्या आत' म्हणजे कधी? तिला ते वासावरून कळायचं. हा मिस्त्री माणूस. आवाज आला नाही तर झडप उघडली असं मानायचं कसं? तो खात्री होईपर्यंत थांबायचा, आणि खात्री व्हायची तेव्हा दुसरी तडतड सुरू झालेली असायची. बिया काळपट निघायच्या, अंगाला तेल सुटलेल्या.

बहुतेकांना काही कळलं नाही. एक जण तर म्हणाला की हल्लीची कॉफी जास्त दमदार आहे. सलूनवाल्याला मात्र कळलं.

हा सलूनवाला म्हणजे तिचा लाडका. दुसऱ्या शहरात त्याचं केस कापायचं छोटं दुकान होतं. थांबलेल्या गिऱ्हाइकांना कॉफी द्यावी म्हणून त्यानं वेबसाइटवरून एक जुनं मशीन घेतलं आणि पहिल्याच दिवशी लिहिलं, ताई, यातून नुसता धूर येतोय. तो धूर नव्हता, वाफ होती. तिथून तिनं त्याला अक्षरशः हाताला धरून शिकवलं. भुकटी किती बारीक, दाबायची किती, दूध कुठवर तापवायचं. कधी प्रत्यक्ष भेट नाही, पण तो तिला ताई आणि ती त्याला अरे-तुरे. निरोपाच्या शेवटी तो न चुकता लिहायचा, दाजींना नमस्कार.

सलूनवाल्यानं लिहिलं, "ताई, राग मानू नका. शेवटच्या दोन पुड्या कडू लागल्या. तुमची तब्येत बरी आहे ना?"

तो निरोप यानं कितीतरी वेळ वाचला. कॉफी कडू लागली म्हणून कुणी पैसे परत मागेल, शिव्या देईल, हे त्यानं धरलं होतं. कॉफी कडू लागली म्हणून तब्येत विचारणारा भेटेल हे धरलं नव्हतं. खरं सांगायची ती वेळ होती. त्यानं लिहिलं, "जरा थकले होते. आता बरी आहे."

थकव्याचं निघालं की मागून उपाय येतातच. सलूनवाल्याच्या बायकोनं कसला कसला काढा सुचवला. मग फोनवर बोलू का, असं विचारणं आलं. घसा बसलाय, असं उत्तर गेलं. घसा किती दिवस बसणार? मग डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय, असं गेलं. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं, त्याला टेकू तिसरं, अशी शिडीच झाली आणि हा वर टोकाला. खाली उतरायचं तर प्रत्येक पायरीवर पाय द्यायला हवा.

त्यात सलूनवाला दाजींची चौकशी करायचा. "दाजी मदत करतात ना?" या प्रश्नावर तो थबकला. मग ती काय म्हणाली असती ते त्याला चांगलं ऐकू आलं, आणि त्यानं लिहिलं, "मशीन तेवढं नीट करतात. बाकी सगळा उजेड. मीठ कुठल्या डब्यात आहे ते अजून माहीत नाही." सलूनवाला खूप हसला. म्हणाला, माझी पण हीच गत. फोन खाली ठेवून हा स्वयंपाकघरात गेला आणि मिठाचा डबा कुठला ते बघून आला. सापडायला वेळ लागलाच.

हे असं बरेच महिने चाललं. घर तेच, खोली तीच, दाराशी पार्सलांची चळत तीच. सकाळी कुरिअरवाला यायचा, हा पार्सलं उचलून द्यायचा. एकदा कुरिअरवाल्यानं चिठ्ठी मागितली तर हा म्हणाला, "थांब, शोधून देते." कुरिअरवाला फिसकन हसला. यानं ऐकलं न ऐकलंसं केलं. पण दिवसभर ते कानात राहिलं. घरात दुसऱ्या कुणाशी बोलणंच उरलं नव्हतं. जे काय बोलणं व्हायचं ते बोटानं, आणि तिचं. स्वतःचं असं त्याला कुणी काही विचारतच नव्हतं.

बाहेर पडावं असं वाटायचं नाही असं नाही. पण दुकानाचा फोन घरी ठेवला तर कुणीतरी विचारलेलं अनुत्तरित राहील, आणि ती कधी कुणाला ताटकळत ठेवायची नाही. बरोबर नेला तर बाहेर पडून न पडल्यासारखंच. लेक दर आठवड्याला म्हणायची की बंद करा ते सगळं आणि माझ्याकडे या, जावईही म्हणतात. तो म्हणायचा, ही पोती संपू देत. पोती संपत आली की नवी मागवायचा.

मग सलूनवाल्याच्या आईचं सुरू झालं. म्हातारीला विसरायला व्हायला लागलं. आधी वस्तू, मग वार, मग माणसं. एक दिवस त्यानं लिहिलं की आई मला ओळखत नाही. सकाळी मी समोर गेलो की विचारते, केस कापणारा आला का? मी म्हणतो, आई, मी तुझा मुलगा. तर घाबरते. ओरडून शेजाऱ्यांना बोलावते. ताई, मी काय करू?

त्या दिवशी यानं हातातलं मशीन बाजूला सारलं. असल्या प्रश्नाला ती काय म्हणाली असती? त्यानं कान देऊन बघितलं, पण काही ऐकू आलं नाही. मिठाच्या डब्याचं आलं होतं, हे येईना. शेवटी त्यानं स्वतःच्या डोक्यानं लिहिलं. "मग केस कापणारा म्हणूनच जा. मुलगा म्हणून गेलास तर दारातून परत पाठवेल. केस कापणारा म्हणून गेलास तर समोर बसवून घेईल. रोज जवळ बसायला मिळाल्याशी मतलब."

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. तो आता रोज कंगवा घेऊन आईकडे जातो. ती त्याला म्हणते, तुझा हात हलका आहे. मुलाबद्दल सांगते, चांगला आहे पण येत नाही फारसा. तो ऐकून घेतो. शेवटी लिहिलं होतं, "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून मी टिकलो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला राग आला असता."

हे वाचल्यावर त्याला कळून चुकलं की आता सांगणं आणखी अवघड झालंय. आपली चूक कबूल करायची एवढंच आता राहिलं नव्हतं. खरं सांगितलं तर त्या माणसाच्या हातातली काठी काढून घ्यावी लागणार होती.

लेकीला कळलं ते जेवणावरून. तिनं फोन केला होता, दुपारची वेळ होती, तिनं विचारलं, जेवलात का? तो दुकानाच्या फोनवर कुणाला तरी दूध तापवण्याबद्दल लिहीत होता. म्हणाला, "मी नंतर जेवते."

लेकीनं लगेच अडवलं.

"बाबा, काय म्हणालात?"

"जेवतो म्हणालो."

"नाही म्हणालात."

पुढच्या सुट्टीला ती न सांगता आली. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि सरळ दुकानाचा फोन उचलला. त्यानं अडवलं नाही. मागच्या खोलीत ड्रमशेजारच्या स्टुलावर बसून ती वाचत राहिली. तो दारात उभा होता, शाळेत निकालपत्रकावर सही घ्यायला ती उभी राहायची तसा. मध्येच ती हसली. मिठाच्या डब्यापर्यंत आली असावी. मग पुढे वाचताना हसू गेलं.

तो तयारीत होता. लोक काय म्हणतील, ही फसवणूक आहे, डॉक्टरांना दाखवू या, असं काहीतरी ती म्हणेल आणि आपण खाली मान घालून ऐकून घेऊ, असं त्यानं ठरवलं होतं. लेकीनं फोन मांडीवर उलटा ठेवला.

"सगळ्यांना लिहिलंत. ओळख ना पाळख, त्यांनाही लिहिलंत. मला एकदाही आला नाही आईचा निरोप."

ती रडली नाही. उठून तिनं भाजलेल्या बियांत हात घातला, मूठभर उचलून वास घेतला आणि म्हणाली, "करपवता तुम्ही." मग दोघांसाठी चहा टाकला. डबा फडताळात मागे असतो हे तिला ठाऊक होतं.

चहा पिताना तिनं सलूनवाल्याचं विचारलं. त्याचं नवंच निघालं होतं. सलूनच्या शेजारचा गाळा घेऊन, मधली भिंत काढून त्यानं तिथे कॉफीचा वेगळा कोपरा केला होता. मोठं मशीन याच दुकानातून गेलं होतं. उघडायचा दिवस ठरला होता आणि त्याचा हट्ट होता की पहिला कप ताईंनी स्वतः काढायचा. घसा बसला असला तरी चालेल, बोलायचं नाही, नुसतं यायचं. गाडी पाठवतो म्हणत होता. यानं काय उत्तर दिलं होतं? बघते आणि सांगते.

"त्याला आजच कळवा," लेक म्हणाली. "तुम्हाला जमत नसेल तर मी लिहिते."

"नको. हे असं लिहून सांगायचं नसतं. मी जातो. समोर बसून सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

लेकीनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली की सांगून झालं की मला फोन करा, किती का वाजेनात.

उघडायच्या दिवशी तो निघाला. स्वच्छ शर्ट, हत्यारांची पिशवी, आणि ताज्या भाजलेल्या बियांची पुडी. या खेपेला त्यानं जिवावर उदार होऊन दुसऱ्या तडतडीच्या आधी ओतल्या होत्या, त्या कच्च्या राहिल्या की काय या धास्तीत तो होता. बसमध्ये खिडकीशी बसून त्यानं वाक्य जुळवलं. 'मी त्यांचा नवरा. ताई गेल्या. आधीच सांगायला हवं होतं.' तीन वाक्यं. पुन्हापुन्हा म्हणून बघितली. 'हवं होतं'मध्ये 'तो'ही नाही आणि 'ते'ही नाही, याचं त्याला बरं वाटलं.

सलून शोधावं लागलं नाही. काचेवर नवी अक्षरं होती, दारात खुर्च्या मांडल्या होत्या. आत सलूनवाल्याची बायको होती, आजूबाजूचे दुकानदार होते आणि कोपऱ्यात एक म्हातारी, केस अगदी तुळतुळीत विंचरलेले. ओट्यावर त्याच्या हातून गेलेलं मशीन चकचकत होतं. कपांची रांग लावली होती. सलूनवाला त्याच्या कल्पनेपेक्षा बुटका निघाला. यानं दारात पाऊल टाकलं आणि हातातली हत्यारांची पिशवी पाहून तो ओरडलाच, "दाजी!"

येऊन गळ्यातच पडला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "हे आमचे दाजी. ताई सांगतात तस्सेच आहेत बघा, तोंडातून शब्द नाही." सगळे हसले. म्हातारीही हसली. सलूनवाल्यानं त्याच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघितलं. "आणि ताई?"

तिन्ही वाक्यं जिभेवर होती. पण ती त्यानं एका माणसासाठी जुळवली होती, आणि इथे अख्खं दुकान तोंडाकडे बघत होतं.

"मागून येतेय," तो म्हणाला.

एवढंच. सलूनवाल्यानं टाळी वाजवली. बायकोला म्हणाला, बघ, म्हटलं होतं ना, येणार. मग जाहीर केलं की ताई येईपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. पहिला कप त्यांच्या हातचा. दुकानदार कुरकुरले, आमची दुकानं उघडी आहेत म्हणाले, पण बसले.

त्यानं मशीन तपासायच्या निमित्तानं ओट्यामागे आसरा घेतला. दाब बघितला, वाफेची नळी सोडून बघितली, रिंग बोटानं चाचपली. सगळं ठीक होतं. ठीक असलेलं मशीन माणूस किती वेळ तपासणार? सलूनवाल्याला बाजूला घेऊन सांगावं म्हणून तो त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, जरा बोलायचं होतं. सलूनवाल्यानं त्याचं डोकं न्याहाळलं.

"दाजी, आधी हे काय जंगल वाढवलंय? ताई काही बोलत नाहीत का? या, बसा. त्या येईपर्यंत माणसात आणतो तुम्हाला."

नको नको म्हणताना तो खुर्चीत बसवला गेला. पांढरं कापड अंगावर आलं, हात आत गेले, मानेमागे गाठ बसली. समोर मोठा आरसा. त्यात त्याचं डोकं, मागे सलूनवाला, त्याच्यामागे खुर्च्यांवरची माणसं आणि शेवटी दार. सगळे दाराकडे बघत होते. म्हातारी मात्र आरशातून त्याच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "घाबरू नका. याचा हात हलका आहे."

कात्री चालू झाली. सलूनवाला कामात बोलायचं थांबणारा नव्हता. म्हणाला की दाजी, तुम्हाला खरं सांगतो, आईच्या वेळी ताईंनी ते एक वाक्य लिहिलं नसतं तर मी तिला कुठेतरी ठेवून आलो असतो, जागाही बघितली होती. आज ताई आल्या की आधी त्यांचे पाय धरणार आहे, मग कॉफी. तो 'हं' म्हणाला. डोकं हलवू नका, सलूनवाला म्हणाला.

आता सांगावं असं त्याला वाटलं. पाठीमागे उभ्या माणसाला आरशात बघून सांगणं सोपं असेल. त्यानं तोंड उघडलं, तर ओठावर केस पडले. सलूनवाल्यानं ब्रशनं ते झटकले, घड्याळाकडे बघितलं, कात्री खिशात टाकली आणि स्वतःचा फोन काढला.

"विचारतो कुठवर आल्यात."

कापडाखाली, त्याच्या उजव्या मांडीशी, दुकानाचा फोन थरथरला.

"दाजी, तुमचा वाजतोय वाटतं."

"राहू दे," तो म्हणाला.

सलूनवाल्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा मांडीशी थरथर झाली. कापडाखाली त्यानं फोनवर हात दाबून धरला, पण तो हातातही थरथरतच होता. खुर्च्यांवरचं कुणीतरी म्हणालं, ताईंना म्हणावं लवकर या, दुकानं बंद करायची वेळ होईल. हशा झाला. म्हातारीनं विचारलं, कोण यायचंय? सलूनवाला वाकून तिच्या कानात म्हणाला, माझी बहीण. मग तो परत आला, दाजींची मान जराशी डावीकडे वळवली आणि दुसऱ्या बाजूचे केस कापायला लागला.

दुसऱ्या खिशात लेकीचा फोन वाजून थांबला. अर्धे केस कापून झाले होते, अर्धे बाकी होते. कप ओट्यावर पालथे होते. मशीन तापून तयार होतं. ताई येणार नाहीत, हे सांगायचं राहिलं होतं.